मारांडीचा अर्क

राऊत सर वर्गात आले की आधी सगळ्या खिडक्या उघडायचे, मग फळा पुसायचे आणि मग कशावर तरी चिडायचे. खडूवर, घंटेवर, आमच्या अक्षरावर. १९६१ साली अलिबागला सायन्सचं कॉलेज नवंच निघालं होतं आणि आम्ही त्याच्या पहिल्या तुकडीतले. मुंबईहून पीएच.डी. झालेले प्राध्यापक येणार, असं ऐकून आम्ही टाय लावलेल्या कुणाची तरी वाट पाहत होतो. आले ते आमच्या चौलचेच कोंडाजी बाबाजी राऊत. सुपारीच्या वाडीत वाढलेले, रंगाने काळेसावळे, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. नाव ऐकून मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं.

"कोंडाजीच," सर म्हणाले. "आणखी हसायचं असेल तर आत्ता हसून घ्या. परीक्षेत वेळ मिळणार नाही."

एवढा रागीट माणूस शिकवायला कशाला आला, असं आम्हाला वाटायचं. पुढे त्यांच्या घरी माझं जाणंयेणं झालं, त्यांची बहीण बायजा आणि पत्नी केसरवहिनी यांच्याशी ओळख झाली, तेव्हा त्या रागाचं मूळ हळूहळू कळत गेलं.

बायजा त्यांची थोरली बहीण. दिवेआगरच्या एका बागायतदाराच्या घरी तिचं लग्न ठरलं होतं, सुपारीही फुटली होती. त्याच पावसाळ्यात तिला थंडी भरून ताप आला, जांघेत गाठ उठली. ताप उतरला, पण डाव्या पायाची सूज उतरेना. वाडीत हा रोग नवा नव्हता. पाटाचं पाणी, उघड्या विहिरी, संध्याकाळी डासांचे थवे. चार घरांमागे एकाच्या तरी पायाला हत्तीपाय झालेला असायचा. दिवेआगरहून निरोप आला की मुलाचा विचार बदलला आहे. हे स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षीचं. कोंडाजी तेव्हा मुंबईत एम.एस्सी. करत होते. सुट्टीत घरी आले, तर बहीण पाय लुगड्याखाली ओढून ओटीवर सुपाऱ्या सोलत बसलेली.

"बाय, यावर मी औषध काढीन," ते म्हणाले.

"काढ," बायजा म्हणाली. "पन आदी हातपाय धू नि जेवून घे."

त्यांनी ते मनावर घेतलं, आणि थोड्याच दिवसांत त्यांना पहिला धक्का बसला. परदेशात या रोगावर एक गोळी निघाली. दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता, कोंडाजींनाही झाला. ओळखीच्या डॉक्टरांच्या मागे लागून त्यांनी गोळ्या मिळवल्या आणि बोटीने घरी नेल्या. बायजाने त्या घेतल्या. ताप आला, अंग मोडून आलं, मग बरं वाटलं. पण पाय होता तसाच राहिला. गोळी रक्तातली जंतांची पिल्लं मारत होती. गाठीत दडलेले मोठे जंत बरेचसे तगून राहत, आणि एकदा जाड झालेला पाय तर काही केल्या मागे येत नसे.

"मोठे जंत मारणारं औषध पाहिजे," कोंडाजी त्यांच्या गाइडना म्हणाले. पीएच.डी.साठी त्यांना हाच विषय हवा होता.

गाइड भले गृहस्थ होते, पण त्यांची प्रयोगशाळा कापडाच्या रंगांवर चालत होती. "राऊत, जंत कुठून आणणार? ते तपासणार कोण? रंगाचं काम घे. सामान आहे, शिष्यवृत्ती आहे. औषधं पुढे आयुष्यभर कर की!"

म्हणून उमेदीची वर्षं कोंडाजींनी एका पिवळ्या रंगामागे घालवली. रंग मोठा सुंदर आला. कापडावर उठून दिसायचा आणि दोन धुण्यांत निघून जायचा. त्यावरच त्यांना पदवी मिळाली. केसरवहिनी सांगायच्या, "आमचं लग्न झालं तेव्हा यांच्या नखांत हळदीच्या आधीच पिवळं होतं." वहिनी रेवदंड्याच्या. त्या हसून सांगायच्या. सर तिथे असले तर उठून जायचे.

मग मुंबईच्या एका कॉलेजात नोकरी. सकाळी दोन तुकड्या, दुपारी प्रॅक्टिकल. मुलांनी क्षार ओळखायचे आणि यांनी बरोबर-चूक करायचं. कॉलेज सुटल्यावर प्रयोगशाळा वापरू द्या म्हणून विचारलं, तर प्राचार्य म्हणाले, "चाव्या शिपायाकडे असतात, आणि शिपाई सहाला जातो." सरांनी 'मी थांबून कुलूप लावीन' म्हटलं, तर ते नियमात नव्हतं. असं दहा वर्षं चाललं. इकडे नियतकालिकांत दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या देशात निघालेल्या नव्या औषधाची बातमी असायची. क्षयावर, हिवतापावर, सगळ्यावर. सर ती वाचायचे आणि पान उलटताना जवळजवळ फाडायचे.

म्हणून अलिबागला कॉलेज निघतंय असं कळल्यावर त्यांनी मुंबई सोडली. सगळ्यांनी वेड्यात काढलं. त्यांचा हिशेब साधा होता: रोगी इथे, झाडपाला इथे, आणि खातं आपल्या हातात.

खातं म्हणजे काय, तर कौलारू इमारतीतली एक लांब खोली. गॅस नव्हता, स्टोव्ह होते. पाण्याला दाब नव्हता म्हणून बुधाजी शिपाई छपराजवळच्या मचाणावरचं पिंप घागरींनी भरायचा आणि त्या धारेवर सरांचे प्रयोग चालायचे. पिंप रिकामं झालं की सर ओरडायचे, "बुधाजी, पाणी!" आणि बुधाजी खालून ओरडायचा, "आनतो हो, मी काय वरुणदेव हाय काय?"

जंतांचीही सोय झाली. म्हशीच्या पोटात त्याच कुळातला एक पांढरा, दोऱ्यासारखा जंत सापडतो. तो कोमट मिठाच्या पाण्यात ठेवला की दिवसभर जिवंत राहतो. सर सकाळी खाटकाकडे जायचे आणि थर्मासमधून जंत घेऊन यायचे. पहिल्या दिवशी त्यांनी घरातला चहाचा थर्मास नेला. केसरवहिनींनी तो परत घरात घेतला नाही. स्टाफरूममध्ये सरांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली.

मग झाडं. उंडीच्या बिया, करंज, सातवणीची साल, एकेक आणून वाटायची, स्पिरिटमध्ये भिजवायची, अर्क काढायचा, आटवायचा आणि जंतांच्या पाण्यात टाकायचा. जंत मजेत वळवळत राहायचे. हे करायला सरांबरोबर आमच्या वर्गातली सत्यवती घरत होती. मुलींत हुशार आणि वासाला न डरणारी. मीही असायचो, पण माझा उपयोग उचलाउचलीपुरता.

सगळ्यात मोठी अडचण स्पिरिटची. दारूबंदीचे दिवस. शुद्ध स्पिरिट म्हणजे सरकारच्या लेखी दारूच. बाटलीभर स्पिरिटसाठी परमिट लागायचं, त्याची मुदत असायची, आणि मुदत संपली की पुन्हा पहिल्यापासून अर्ज. सरांचा अर्धा जीव त्यातच जायचा. "जंत मारणं सोपं आहे," ते म्हणायचे, "परमिट मिळवणं अवघड."

दुसऱ्या वर्षीच्या थंडीत रेवदंड्याच्या खाडीकाठून आम्ही मारांडी आणली. काटेरी पानांचं झुडूप, चिखलात माजतं, कुणी विचारत नाही. सरांच्या मनात एवढंच होतं की जे झाड खारट चिखलात किडीशिवाय जगतं, त्याच्यात काहीतरी असेल. पानांचा हिरवागार अर्क निघाला. त्याचे वेगवेगळे भाग केले. तिसऱ्या भागाचे थेंब घातलेल्या बशीकडे पाहून सत्यवती म्हणाली, "सर, हे हालत नाहीत."

सरांनी बशी हलवली, पाणी कोमट केलं. जंत सुतासारखे पडून होते. शेजारच्या बशीत, नुसत्या मिठाच्या पाण्यात, बाकीचे वळवळत होते. सरांनी पुन्हा करायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी नवे जंत आणून परत केलं. तेच. मोठे जंत मरत होते.

त्या दिवशी सर कुणावरही चिडले नाहीत. व्हरांड्यात जाऊन बसले. बुधाजीने मला हळूच विचारलं, "सरांना बरं न्हाय काय?"

मग मोठ्या प्रमाणावर काम सुरू झालं. पोतंभर पानं, काचेच्या नळ्या, स्टोव्हवर उकळणारा चंबू, त्यातून थेंबथेंब गळणारं पाणी. नेमक्या याच दिवसांत कुणीतरी वर कळवलं की कॉलेजात दारू गाळतात. कुणी ते कधी कळलं नाही. एका दुपारी प्रॅक्टिकल चालू असताना फौजदार आणि दोन शिपाई दारात उभे राहिले.

फौजदार सभ्यपणे बोलला. "साहेब, वास स्पिरिटचा आहे."

"स्पिरिटच आहे. परमिट आहे," सर म्हणाले.

फौजदाराने परमिट पाहिलं. "याची मुदत गेल्या महिन्यात संपली."

"नव्याचा अर्ज कधीच दिलाय. तुमच्याच लोकांकडे पडलाय तो!"

"ते मला ठाऊक नाही. आणि हे हिरवं काय?"

"औषध."

"कशावरचं?"

खोटं बोलायची सरांना सवय नव्हती. "अजून कशावरचंच नाही," ते म्हणाले.

झालं. शिपायांनी स्पिरिट घेतलं, चंबू घेतला, हिरव्या बाटल्यांना लाख लावून सील ठोकलं. सत्यवती पुढे होऊन म्हणाली, "एक तरी बाटली ठेवा हो, महिनाभराचं काम आहे." फौजदार म्हणाला, "मुद्देमाल आहे, बाई. त्यातला थेंब मला सोडता येत नाही." सर ओरडले नाहीत. टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून उभे होते.

संस्थेचे चिटणीस येसाजीराव त्याच संध्याकाळी आले. "राऊत, बाजारात काय बोलतात ठाऊक आहे? कॉलेजात हातभट्टी! वर्गणी कुणाकडे मागायची आम्ही? मुलांना शिकवा, निकाल चांगला लावा. संशोधन ही मुंबई-पुण्याची कामं."

"मग मला मुंबईहून बोलावलंत कशाला?"

"शिकवायला," येसाजीराव म्हणाले. त्यांनाही राग आलेला नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

प्रकरण पावसाळा संपेपर्यंत रेंगाळलं. शेवटी सर निर्दोष सुटले, बाटल्या परत मिळाल्या. उन्हाळाभर पत्र्याच्या खोलीत राहून बुचं सुकली होती, स्पिरिट उडून गेलं होतं. तळाशी काळा चिकट गाळ. सरांनी तोही तपासला. जंतांना त्याचं काहीच वाटलं नाही.

"पुन्हा करू," सर म्हणाले. "झाड कुठे पळून गेलंय?"

पुढच्या थंडीत पुन्हा मारांडी आणली. तीच जागा, तीच पानं, तेच भाग. तिसरा भाग बशीत घातला आणि आम्ही तिघं वाकून पाहत बसलो. जंत वळवळत होते. दुपार झाली, संध्याकाळ झाली, वळवळतच होते.

त्यानंतरचे महिने मला आठवायला नको वाटतात. सरांनी सगळं करून पाहिलं. फुलं आल्यावर पानं तोडली, फुलांआधी तोडली, मुळं घेतली, भरतीच्या पाण्यातली झुडपं, कोरड्यातली झुडपं. एकदा वाटलं, पहिल्या खेपेच्या स्पिरिटमध्येच काही भेसळ असेल आणि त्यानेच जंत मेले असतील. पण ते स्पिरिट जप्तीत गेलेलं. एकदा वाटलं, ते जंतच दुबळे होते. कधीतरी दोन-चार जंत मंद व्हायचे, सर ताडकन उठायचे, आणि तासाभरात ते पुन्हा हालायला लागायचे. सत्यवतीने एकदा म्हटलं, "सर, आपण थोडे दिवस थांबू या का?" तर तिच्यावर असे खेकसले की ती रडत बाहेर गेली. मागाहून बुधाजीकरवी तिला बोलावून घेतलं आणि काही न बोलता तिच्यापुढे चहाचा कप सरकवला.

आणि विद्यापीठाची टोचणी होतीच. सरांच्या नावावर औषधांवरचा एकही निबंध छापलेला नव्हता. तो असल्याशिवाय संशोधनाचे विद्यार्थी घ्यायची मान्यता मिळणार नव्हती, आणि सत्यवतीला सरांकडेच पुढचं काम करायचं होतं. सर लाँचने मुंबईला गेले, जुन्या गाइडना भेटले. परत आल्यावर त्यांनी वहिनींना सगळं सांगितलं, मी तिथेच होतो.

"पहिल्या खेपेचं तेवढं लिही, म्हणाले. जंत मेले, दोनदा मेले, हे खोटं आहे का?"

"खोटं न्हायच ते," वहिनी म्हणाल्या.

"खोटं नाही. पण पुढे दोन वर्षं मेले नाहीत, हे गाळून लिहिलं तर ते खोटं होतं."

"मग?"

"मग काय! दोन्ही लिहिणार."

दोन्ही लिहिलं. मारांडीच्या अर्काने जंत मेले, आणि मग मेले नाहीत, कारण समजलं नाही. निबंध परत आला. प्रयोगाचा निष्कर्ष पुन्हा मिळत नाही, सबब छापता येत नाही. दुसरीकडे पाठवला, तिथूनही परत आला. सर घरात येरझाऱ्या घालत होते. "औषध लागलं की छापतात, नाही लागलं की नाही छापत. उद्या दुसरा कुणी गाढव खाडीत उतरून हीच पानं तोडेल, त्याला कोण सांगणार?"

"तुम्ही बसा बघू आधी," वहिनी म्हणाल्या. ते बसले नाहीत.

सत्यवती अखेर मुंबईला गेली. तिथे तिला गाइड मिळाले, विषय मिळाला. ती पाया पडायला आली तेव्हा सर वाडीत माड शिंपायला निघून गेले होते, मुद्दामच. महिन्याभराने त्यांनी आपली दोन चांगली काचेची उपकरणं भुश्शात गुंडाळून तिला पाठवली. सोबत चिठ्ठी नव्हती. पुढे तिचे निबंध छापून आले की सर ते वाचायचे, चुका काढायचे, आणि त्या चुका तिला टपालाने कळवायचे.

दारूबंदी सैल झाली, स्पिरिट सहज मिळू लागलं. पण आता सरांच्या मागे परीक्षांची कामं होती, वसतिगृह होतं. प्रयोगशाळेत दुसरे दोन प्राध्यापक आले आणि लांब टेबलावर मुलांच्या क्षारांच्या बाटल्या मांडल्या गेल्या. जंतांच्या बश्यांना जागा राहिली नाही.

१९६७च्या सुमाराला हत्तीरोगाची मोहीम चौलला आली. हे जंत रक्तात रात्रीच वर येतात, म्हणून माणसं घरोघर उशिरा जाऊन बोटातून रक्त घ्यायची. ज्यांच्या रक्तात जंत सापडले त्यांना तीच गोळी द्यायची, जी सरांनी पूर्वी बायजासाठी आणली होती. पण गोळीने ताप यायचा, आणि एकाला ताप आला की सगळी आळी गोळ्या विहिरीत फेकून द्यायची. मोहिमेचे डॉक्टर कुणाच्या तरी सांगण्यावरून सरांकडे आले. तुम्ही गावचे, तुमचं ऐकतील.

"माझं कोण ऐकतंय!" सर म्हणाले. "आणि ही गोळी अर्धवट आहे. मोठे जंत तिला पुरते दाद देत नाहीत."

बायजा ओटीवर बसली होती. तिचा पाय आता दोन्ही हातांनी उचलून ठेवावा लागायचा. ती म्हणाली, "कोंडू, माजा पाय ऱ्हाऊ दे आता. तो गेला. वाडीतल्या पोरींच्या पायाला सूज न्हाय अजून. त्यांना पुरंल का तुजी अर्दवट गोळी?"

"पुरेल बहुतेक," सर म्हणाले. "वेळेवर घेतली तर."

"मंग जा की."

आणि ते गेले. रविवारी, सुट्टीच्या दिवशी, पिशवीत गोळ्या घेऊन वाडी-वाडी फिरू लागले. लोकांना समजावणं त्यांना जमायचं नाही, ते भांडायचे. रेवदंड्याच्या कोळीवाड्यात त्यांनी सोनाबाई नावाच्या म्हातारीशी सुकटीच्या ओट्यावर तासभर हुज्जत घातली आणि शेवटी तिने कंटाळून गोळी गिळली. डासांच्या अळ्या मरायला विहिरींवर तेल टाकू देत नाहीत म्हणून भावकीतल्या काहींशी बोलणं सोडलं. परत आले की वहिनींजवळ तणतणायचे, आणि पुढच्या रविवारी पुन्हा निघायचे.

एकदा मी त्यांच्याबरोबर होतो. भावकीतली चंद्राबाई रस्त्यातच आडवी आली. कडेवर सात-आठ वर्षांची मुलगी, अंगात ताप, डोळे लाल.

"दादा, काय घातलंस माज्या पोरीच्या पोटात? राती धरनं फनफनलीय!"

"ताप येणारच," सर म्हणाले. "जंत मरताहेत तिच्या रक्तातले. दोन दिवसांत उतरेल. गोळी थांबवू नकोस."

"तुज्या औषधानं पोर मेली म्हंजे?"

"माझं नाही ते!" सर एकदम ओरडले. मुलगी दचकली. "माझं असतं तर... माझं कुठलं औषध! दुसऱ्यांनी काढलेलं आहे. चांगलं आहे. हजारो लोकांनी घेतलंय. थांबवू नकोस म्हणतो ना."

मग सरांनी मुलीच्या कपाळाला हात लावला, खिशातून ताप उतरायच्या गोळ्या काढून दिल्या, पाणी किती पाजायचं ते सांगितलं. उद्या बघायला येतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांचा वर्ग होता. त्यांनी तो कधी नव्हे तो सोडला आणि चंद्राबाईच्या घरी गेले. ताप उतरला होता. मुलगी ओटीवर बसून भात खात होती, आणि चंद्राबाई म्हणाली की उरलेल्या गोळ्या तिने चुलीत टाकल्या.

सरांनी पिशवीतून नव्या काढल्या आणि तिच्याशी पुन्हा पहिल्यापासून भांडायला सुरुवात केली.